बारातले दोघे

स्पोकॅन, वॉशिंग्टन राज्य
28 सप्टेंबर 2025

प्रिय संज्या,

नवरात्रात तुमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून फोन केला नाही. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नाही. परवा आमच्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच हरल्याचा मेसेज टाकला, सोबत आमचा गट सोडून गेलेल्या सिएटलवाल्यांना दोन शिव्या घातल्या, आणि तू एका ओळीत मला आडवा केलास: "लेका, जास्त पैसे मिळाले म्हणून गेले. तू तरी कुठं थांबलास?" आठ दिवस झाले, चपलेत खडा अडकल्यासारखं होतंय.

आधी मॅचचं सांगतो. 20 तारखेला पुलमनला गेलो होतो. इथून गाडीनं सव्वा-दीड तास. त्या सगळ्या मुलखाला 'पलूस' म्हणतात. हसू नको, नाव खरंच आपल्या सांगलीकडच्या पलूससारखंच आहे. फक्त ऊस नाही, गहू आणि मसूर. सप्टेंबरात गहू निघून गेलेला असतो आणि टेकड्यांवर नुसतं पिवळं धसकट. त्यातून वळणं घेत गेलं की एकदम आमचं विद्यापीठ दिसतं, वॉशिंग्टन स्टेट. गावाची वस्ती 2020 च्या जनगणनेत 32,901, आणि स्टेडियमही जवळपास तेवढ्याच माणसांचं. म्हणजे अख्खं गाव एका वेळी बसवता येईल.

समोर होती सिएटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. या मॅचला 'ॲपल कप' म्हणतात, कारण या राज्याचं सफरचंद देशभर जातं. दोघं 1900 सालापासून एकमेकांना भिडतायत. आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमधले पाटाकडील विरुद्ध खंडोबा म्हण, फक्त मध्ये साडेचारशे किलोमीटरचा रस्ता. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, ते शहरातले. डिवचायला एवढं पुरतं.

59-24 नं हरलो. आदल्या शनिवारी नॉर्थ टेक्साससमोरही 59 च खाल्ले होते, त्यामुळं आकडा ओळखीचा वाटला. माझ्या शेजारी एक म्हातारा गहूवाला शेतकरी आणि त्याची बायको. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं खिशातून ओपनर काढला आणि 'कूगर गोल्ड'चा डबा उघडला. हे आमच्या विद्यापीठाच्या डेअरीचं चीज, पत्र्याच्या डब्यात मिळतं. चाकूनं जाड काप काढून बिस्किटावर ठेवून त्यानं मला दिला, स्वतः खाल्ला, आणि समोरच्या सिएटलवाल्यांच्या जांभळ्या गर्दीकडं बोट करून म्हणाला, आले तरी, हेच खूप. हरलेला माणूस असं बोलतोय म्हटल्यावर मला काही सुचेना.

तो असं का म्हणाला, ते कळायला थोडं मागं जायला लागेल. इथं कॉलेज फुटबॉलला आपल्या कोल्हापूरच्या केएसएसारखी सगळ्यांना एका मैदानात धरणारी संस्था नाही. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था आहे, पण या पैशाच्या व्यवहारात तिचं चालत नाही. शेजारशेजारच्या विद्यापीठांनी आपापले गट केले, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आमचा गट 1915 मध्ये पोर्टलंडला चौघांनी सुरू केला. आम्ही 1917 मध्ये आत आलो. नावं बदलत गेली, 2011 पासून पॅक-12. पॅसिफिक किनाऱ्याची आणि त्यामागच्या डोंगराळ पट्ट्याची बारा घरं.

1984 पर्यंत टीव्हीवर कोण किती वेळा दिसणार हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी कोर्टात खेचलं, सुप्रीम कोर्टानं तो मक्ता मोडला. तेव्हापासून कॉन्फरन्स गठ्ठ्यानं हक्क विकते आणि वाटून घेते. गठ्ठ्यात लॉस एंजेलिस आहे की पुलमन, यावर भाव. माझ्या मते सगळी मेख इथं आहे. एकत्र विकायचं म्हणून गट राहिले, आणि चढ्या भावानं विकायचं म्हणून गट फुटले.

30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी सांगितलं, आम्ही 'बिग टेन'मध्ये चाललो. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायोकडचा गट. नावात दहा, आज आत अठरा. मोजदादीचा नाद त्यांनी कधीच सोडलाय. उरलेले दहाजण वर्षभर नवा करार शोधत बसले. जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो सटकलं. मग ॲपल कंपनीचा प्रस्ताव आला: मॅच त्यांच्या ॲपवर, आणि किती लोक वर्गणी भरतील त्यावर पैसे. सफरचंदाच्या करंडकासाठी साठ वर्षं भांडलेले दोघं शेवटी ॲपलच्या कागदावर तुटले, हे सुचायला कोणी विनोदी लेखक लागला नसता.

4 ऑगस्ट 2023, शुक्रवार. मी ऑफिसात, एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून फोन बघत होतो. वॉशिंग्टन आणि ओरेगॉन बिग टेनला, तेही पैशाच्या पूर्ण वाट्यावर नाही, जवळपास अर्ध्यावर. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा दुसऱ्या गटाला. एका दिवसात पाच. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलेही गेले, कुठं तर 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये! पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचे सभासद. रत्नागिरीच्या क्लबानं विशाखापट्टणमच्या लीगमध्ये नाव घालावं तसं.

राहिले दोघं: आम्ही आणि ओरेगॉन स्टेट. बाराच्या वाड्यात दोन बिऱ्हाडं. पण हे दोघं कोर्टात गेले. पुलमनजवळच्या कोल्फॅक्स नावाच्या छोट्या गावात केस चालली, आणि न्यायाधीशांनी सांगितलं की सोडून जाणाऱ्यांना आता कारभारात मत नाही. चाव्या आणि तिजोरी दोघांच्या हातात. त्या संध्याकाळी मी घरात एकटाच ओरडलो, बायकोला वाटलं पाल पडली अंगावर.

नुकसान कुठं झालं म्हणशील, तर पैशात झालंच, पण जास्त माणसांत. आमचा कॅम वॉर्ड नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा गडी, मायामीला गेला आणि यंदा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या नंबरावर निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर एक सीझन गाजवून ओक्लाहोमाला. कोचही गेला. आता तर मला शर्टावरचं नाव पाठ करायचाच कंटाळा येतो. आणि ॲपल कप आता गटातली मॅच नाही. दोघांनी वेगळा करार केलाय, 2028 पर्यंत. पुढं काय ते त्यांच्या मर्जीवर. म्हाताऱ्याच्या 'आले तरी'चा अर्थ हा.

2024 ला मात्र सिएटलमध्ये जाऊन 24-19 नं मारलं होतं त्यांना. शेवटी ते आमच्या रेषेपासून एका यार्डावर, शेवटचा डाव, आणि आमच्या पोरांनी कडेला दाबून धरलं. ते मी अजून महिन्यातनं एकदा बघतो.

आता तुझं वाक्य. मी इथं मास्टर्सला आलो तेव्हा परत येणार असं घरी सांगितलं होतं, तुलाही. मग नोकरी, मग अजून एक वर्ष, मग घर. वॉशिंग्टनवाल्यांचाही तसाच हिशोब असेल. मागं राहिलो असतो तर आम्हीही बुडालो असतो, असं ते सांगतात, आणि खोटं नाही ते. उद्या बिग टेननं आम्हाला बोलावलं तर पुलमनमधला एक माणूस नको म्हणणार नाही, तो म्हातारासुद्धा. मी गेल्यावर आपल्या रविवारच्या टीमला अकरावा गडी मिळेना आणि दोन महिन्यांत पोरं विस्कटली, हे मला कितीतरी वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. तू कधी बोलला नाहीस. परवा बोललास. बरं केलंस.

पण तरी शिव्या मागं घेत नाही. तूही घेऊ नकोस.

काल कोलोरॅडो स्टेटला त्यांच्या घरात हरवलं. पुढच्या जुलैपासून ते आमच्याच गटात. बॉइसी, फ्रेस्नो, सॅन डिएगो, युटा स्टेट येतायत, आणि टेक्सास स्टेटसुद्धा. टेक्सासला कुठला पॅसिफिक? म्हणजे दुसऱ्यांना हसायची सोय आम्हीही संपवली. तोवर यंदा वाड्यातली दोन बिऱ्हाडं नोव्हेंबरात एकमेकांशी दोनदा खेळणार, कारण अजून आहेच कोण. 29 तारखेची पुलमनला आहे. थंडी हाडात शिरेल अशी असणार, तरी तिकीट काढलंय, त्याच म्हाताऱ्याच्या शेजारचं.

वहिनींना नमस्कार, पोराला सांग काकानं विचारलंय. दिवाळीच्या पार्सलात भडंगाची दोन पाकिटं जास्त टाक, लसणाचं, तिखट. चीज फुकट खाल्लंय, परतफेड करायची आहे.

तुझा,
बंड्या