मन्याच्या डॉक्टरांना, मनापासून थँक यू

डॉक्टर,

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्यावर आली तशी वेळ बऱ्याच घरांवर येते आणि तेव्हा कुणाशी बोलावं तेच सुचत नाही. माणूस गेलं की कागदपत्रं, बँक, कपाटाच्या किल्ल्या हे सगळं लगेच निघतं, आणि त्याच्या मांजराचं काय करायचं हा विषय अगदी शेवटी येतो, तोही 'बघू पुढे' म्हणून टाळला जातो. आम्हाला टाळता येत नव्हतं. आत्याच्या मांजराला, मन्याला, डायबेटिस, दर 12 तासांनी इन्सुलिन, म्हणजे आत्या गेली त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी सुई हातात घ्यायलाच हवी होती.

आणि वर आत्याची ती चिठ्ठी. तिच्याच अक्षरात, मन्याच्या औषधांच्या डब्यात ठेवलेली, 'माझ्यामागे मन्याला डॉक्टरांकडून शांतपणे झोपवावं. त्याला कुणाच्या दारात पडू देऊ नये.' काका ती चिठ्ठी घेऊनच तुमच्याकडे आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, बहिणीची शेवटची इच्छा आहे, ती पुरी करायची, त्यात आपण कोण अक्कल चालवणार. वहिनी म्हणत होती की मारण्यापेक्षा कुठेतरी सोडून देऊ, मांजर आहे, जगेल. मला दोन्ही पटत नव्हतं पण का पटत नाही हे धड सांगताही येत नव्हतं.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत, काकांना बसायला सांगितलंत आणि विचारलंत, "त्यांना भीती नेमकी कशाची वाटत होती?"

त्या प्रश्नाबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कारण काका जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की हॉस्पिटलमध्ये ती एकच धोशा लावायची, मन्याला कोण टोचणार, मन्याला कोण टोचणार. झालं, तिथेच सगळ्या बोलण्याची दिशा बदलली. तिला मन्या मरायला नको होता, त्याचे हाल व्हायला नको होते, आणि हाल टाळायचा दुसरा रस्ता तिला एकटीला बसून दिसला नाही.

मला आता असं ठामपणे वाटतं की गेलेल्या माणसाच्या अशा इच्छेला मान द्यायचा तो साक्ष म्हणून, हुकूम म्हणून नाही. मन्याला आत्याइतकं कुणीच ओळखत नव्हतं, त्यामुळे तो कशाला घाबरतो, काय सोसू शकतो, कुठे त्याचं बिनसेल, यात तिचा शब्द शेवटचा. पण जीव तिचा नव्हता ना. दागिने कुणाला द्यायचे हे लिहून ठेवणं वेगळं आणि जो खातोय, उन्हात लोळतोय, हाक मारली की बघतोय त्याला संपवा असं लिहून ठेवणं वेगळं.

घरी आल्यावर मी याबद्दल बरंच वाचलं. 1980 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अगदी हाच प्रश्न कोर्टात गेला होता. एका बाईंनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की माझ्यामागे माझ्या सिडो नावाच्या कुत्रीला मारून टाकावं, कारण तिची नीट काळजी कुणी घेणार नाही अशी त्यांना भीती होती, म्हणजे आत्याचीच भीती. तिथल्या प्राण्यांच्या संस्थेचे प्रमुख रिचर्ड अवान्झिनो यांनी कुत्री मारण्यासाठी परत द्यायला साफ नकार दिला, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तिला वाचवायला खास कायदा केला, आणि कोर्टानेही निकाल सिडोच्या बाजूने दिला. जर्मनीत तर 1990 पासून दिवाणी कायद्यातच लिहिलंय की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत, आणि रास्त कारण नसताना पाठीचा कणा असलेला प्राणी मारणं हा तिथे गुन्हा आहे. बाकी बऱ्याच देशांत मात्र पाळलेला प्राणी अजून मालमत्तेतच मोजला जातो, म्हणून ज्याच्या हातात वारसा त्याच्या हातात त्याचा जीव, आणि अशा वेळी समोरचा डॉक्टर 'थांबा' म्हणतो की नाही यावर सगळं येऊन थांबतं. तुम्ही म्हणालात.

पण तुम्ही आम्हाला गोड गोड बोलून घरी पाठवलं नाहीत, आणि यासाठीच मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचेत. वहिनीला तुम्ही न रागावता सांगितलंत की आयुष्यभर घरात राहिलेलं, इन्सुलिनवरचं मांजर बाहेर सोडणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं, फक्त आपल्याला ते बघावं लागत नाही इतकंच. शेल्टरचं विचारलं तेव्हाही खरं सांगितलंत, की म्हातारं आजारी मांजर तिथून कुणी पटकन नेत नाही, आणि पिंजरा, अनोळखी वास, आजूबाजूला कुत्र्यांचं भुंकणं यात मांजर खाणंच सोडतं, आणि मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हो म्हणायचं तर पुढच्या काही वर्षांचं हो म्हणा. दया येतेय म्हणून नेऊ नका, दया महिनाभर पुरते." आणि हेही सांगितलंत की कुणालाच जमणार नसेल, चांगलं घर मिळतच नसेल, तर तुमच्या हातून शांत मरण हे उपासमारीपेक्षा बरं आहे, ते करायची वेळ आली तर तुम्ही कराल आणि कुणाला दोषही देणार नाही. हे ऐकल्यावर काकांचा विरोध गळून पडला. आत्याचं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलंय एवढीच बहुतेक त्यांना खात्री हवी होती.

आम्ही ठरवेपर्यंत मन्याला तुम्ही तुमच्याकडे ठेवून घेतलंत. आणि नंतर ते शिकवणं! पाठीवरची सैल कातडी दोन बोटांनी उचलायची, तिचा छोटा तंबू झाला की खालच्या बाजूने सुई, आणि हे सगळं तो खात असताना, म्हणजे त्याचं लक्षच नसतं. माझा हात इतका थरथरत होता की तुम्ही आधी नुसतं सलाईनचं पाणी भरून दिलंत. खाल्लं नसेल तर डोस द्यायच्या आधी तुम्हाला फोन. चालताना लडखडला, एकदम ढेपाळला तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच घेऊन यायचं. हे तुम्ही काकांनाही शिकवलंत, त्यांनी विचारलं नसताना, आणि आता मी बाहेरगावी असले की तेच येऊन टोचतात आणि टोचून झालं की मला मेसेज करतात.

आत्याची एक वहीपण सापडली, ती तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही पान न पान वाचलंत. पसरट बशीतच खातो, मिक्सर लावला की कपाटामागे जातो, ताप आला की बाथरूमच्या लादीवर झोपतो. तुम्ही म्हणालात याच्याइतकी चांगली केस हिस्टरी माझ्याकडे नाहीये. सुरुवातीला तो रात्र रात्र दाराशी बसून ओरडायचा, तेव्हा तुमच्या सांगण्यावरून आत्याची शाल न धुता त्याच्या टोपलीत घातली. त्याने बरं वाटलं की दिवस गेले म्हणून सावरला ते माहीत नाही, पण आता तो माझ्या उशीवर झोपतो. डोस कमी झालाय. काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं असं तुम्ही म्हणाला होतात, त्याचं सुटलेलं नाही, आणि नाही सुटलं तरी चालेल.

कधी थांबायचं याची खूण तुम्ही लिहून दिलीय तो कागद फ्रिजवर लावलाय. खाणं सुटलं, स्वतःला चाटून साफ करणं बंद झालं, वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले, की तुमच्याकडे यायचं. त्या दिवशी आत्याची चिठ्ठी सोबत आणेन.

आणि एक काम आहे. मला काही झालं तर मन्या कुणाकडे जाणार हे मी लिहून ठेवलंय, पहिला नंबर काकांचा, दुसरा माझ्या एका मैत्रिणीचा, दोघांना नीट विचारून, दोघांनी हो म्हटल्यावर. त्याच्या खर्चाचे पैसेही त्यांच्या नावाने वेगळे ठेवलेत, कारण मांजराच्या नावावर थेट ठेवता येत नाहीत. त्याची एक कॉपी पुढच्या तपासणीला घेऊन येते, तेवढी त्याच्या फाइलला लावून ठेवाल ना?

तुमची,
मन्याच्या आत्याची भाची