'पारंपरिक' छापण्याआधी वही आणि कॅसेट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं माळव्याच्या भजनगायकांवरचं सदर आम्ही आवडीनं वाचतो. एक गोष्ट मात्र खटकते. पदाच्या ओळी छापल्या की खाली हमखास 'पारंपरिक' असतं. देवास, शाजापूर, उज्जैनकडच्या खेड्यांत स्वतः पद रचून, स्वतः चाल बांधून पाच तारांच्या तंबुऱ्यावर गाणारे कितीतरी होऊन गेले, आजही आहेत. प्रह्लादसिंह टिपानिया (2011) किंवा कालूराम बामनिया (2024) यांच्यासारख्यांना पद्मश्री मिळाली, नाव झालं. बाकीच्यांच्या वाट्याला शाल-श्रीफळ येतं आणि गाणं 'पारंपरिक' होऊन जातं.

यात गायकांचाही हात आहे, हे कबूल करायला हवं. निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची भजनं गाणाऱ्या मंडळींत स्वतःच्या पदालाही 'कहे कबीर' अशी छाप (कवीची नाममुद्रा) लावण्याची रीत आहे. 'तुका म्हणे' म्हणत गाथेत किती परके अभंग शिरले, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. तेव्हा छाप दिसली की पद कबीराचं आणि नाही दिसली की लोकगीत, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे. पदात रेलगाडी किंवा विजेचा खांब आला तरी ते कबीराच्या नावावर खपतं, याचं नवल वाटतं! बरं, निनावी राहणं हा काही माळव्याचा स्वभाव नव्हे. उज्जैनच्या बालमुकुंद गुरूंचे माचाचे (माळव्यातल्या लोकनाट्याचे) खेळ त्यांच्या नावानंच ओळखले जातात.

रचना कोणाची, याचा पुरावा बहुधा दोनच ठिकाणी सापडतो: गायकाच्या वहीत आणि घरातल्या कॅसेटमध्ये. वहीत खाडाखोड असेल, एकाच कडव्याचे दोन-तीन पाठ असतील, तर ते पद तिथंच घडलं असण्याची शक्यता मोठी. सुवाच्य, एकटाकी लिहिलेलं पद बहुधा उतरवून घेतलेलं असतं. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, कोरी पानंसुद्धा सोडू नयेत. क्रम पुढं फार कामाला येतो.

कॅसेटचं काम जास्त नाजूक. आधी वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडाव्यात, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग फितीला प्लेअरच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का ते पाहावं. तिचा डिंक सुकून ती गळते आणि आवाज बसल्यासारखा येतो. लोकांना वाटतं गाणंच पुसलं गेलं. पाच स्क्रूचं कवच असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटची गादी बसवता येते. फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी दिसली तर वाजवू नये, कारण ती हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तुटलेली फीत घरातल्या सेलोटेपनं जोडणं सर्वांत वाईट. त्याचा चिकटा पसरून शेजारचे वेढे एकमेकांना धरतात.

यूएसबीचे स्वस्त प्लेअर टाळावेत, त्यांचा वेग डगमगतो. बेल्ट बदललेला जुना डेक बरा. हेड आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावेत. फीत एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं नेऊन ताण सारखा करावा. C-90 ची (90 मिनिटांची) फीत C-60 पेक्षा पातळ असते, तिथं थांबवणं-सुरू करणं जपून. हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवून हेडचा फितीशी कोन जुळवावा. आवाज मोनोत (दोन्ही बाजू एकत्र करून) ठेवून मंजिऱ्याची किणकिण सर्वांत स्वच्छ लागते तिथं थांबावं. हे दर कॅसेटला पुन्हा करावं लागतं, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं गाणं चांगल्या डेकवर वाजवलं की जलद आणि चढ्या पट्टीत ऐकू येतं. 'तरुणपणी आवाज काय उंच होता' अशी दाद तिथं मिळते! लाऊडस्पीकरमधून येणारी विजेची 50 हर्ट्झची घरघर फितीत आली असेल तर सोपं आहे: ती 52 ला दिसली, तर फीत 4 टक्के जलद चालली आहे. घरघर नसेल तर पेटीच्या सुरांवरून अंदाज घ्यावा. तंबुऱ्यावरून काही कळत नाही, तो गायक आपल्या गळ्याला लावून घेतो. मात्र ही दुरुस्ती प्रतीवर करावी. मूळ नक्कल 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवावी, खरखरसुद्धा न काढता. तासाला साधारण 2 जीबी जागा लागते. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

आता नावाचं. शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क कायद्यानं वेगवेगळे आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतो. कॅसेटवाल्याकडून एकदा ठोक रक्कम घेतली म्हणजे सगळं गेलं, अशी घरच्यांची समजूत असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लेखी, सही केलेल्या कागदाशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही आणि कागदात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. म्हणून तो जुना कागद आधी शोधावा. उलट, बाजारात विकली गेलेली कॅसेट असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा असतो. गाणं आपल्या आजोबांचं असलं तरी ती नक्कल परस्पर इंटरनेटवर चढवू नये.

नवं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर चढवताना गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात वितरकाचा (गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीचा) माणूस सवयीनं 'ट्रॅडिशनल' भरतो. तो रकाना स्वतः भरावा आणि रोमन लिपीत नावाचं एकच रूप कायम ठेवावं. बामनिया कुठं दीर्घ, कुठं ऱ्हस्व झालं की एकाच माणसाचे दोन गायक होतात. रचनाकारानं किंवा वारसांनी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे) प्रत्येक पद वेगळं नोंदवावं.

आपल्याकडून मागणं एवढंच, की सदरात ओळींखाली रचना, चाल आणि गायन अशा तीन वेगळ्या जागा ठेवाव्यात. नाव मिळालं नाही तर 'रचनाकार अज्ञात' छापावं, पण सोबत गाव आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष द्यावं. इंदुरात त्या गावचा कोणी ना कोणी असतोच, तो नाव कळवील.

आपले,
जुन्या ध्वनिफिती उतरवण्याचं काम करणारे काही जण, इंदूर