सूचना : रविवारी 'किंग्ज वॉच', शेवट फोडू नका

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी पाचला, नेहमीच्या जागी, 'किंग्ज वॉच' या कॉमिक्सवर गप्पा. वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मँड्रेक आणि अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन एकाच कथेत! डायनामाइट या अमेरिकन प्रकाशनाने 2013 मध्ये सुरू केलेली ही पाच अंकांची मालिका. लेखन जेफ पार्करचं, चित्रं मार्क लेमिंगची. ली फॉकने 1936 साली जन्माला घातलेला आपला वेताळ इतक्या दिमाखात परतलेला पाहून मला वेताळाच्या गोष्टी छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सच्या नव्या अंकाची वाट पाहायचे दिवस आठवले.

वेताळाचं पुढे काय होतं, हे ग्रुपवर कुणीही लिहू नये. काहींचा शेवटचा अंक अजून वाचायचा आहे.

घरी जुने मराठी इंद्रजाल असतील तर जरूर आणा, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पानं फार ठिसूळ झाली आहेत.