अण्णा, खोरं नाही, पुस्तकं आहेत

पुणे, ४ ऑक्टोबर

ती. अण्णा आणि आई,
शि. सा. न.

फोनवर सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईनं "जेवलीस का?" विचारलं आणि राहून गेलं. म्हणून पत्र. अण्णा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा, आणि मधलं काही गाळू नका. आईला लगेच कळतं.

मी 'कमवा आणि शिका'त नाव घातलंय. खरं सांगायचं तर ऑगस्टपासून कामावर जातेय.

इथं तुम्ही थांबून दाराबाहेर बघणार, ठाऊक आहे मला. "माझ्या पोरींवर ती वेळ येऊ देणार नाही" हे ताईच्या वेळीही म्हणालात, माझ्या वेळीही. पण तुमचं कमवा-शिका म्हणजे साताऱ्याला पहाटे शेतात खोरं आणि वर तो थंडीतला पाट. माझं काम ग्रंथालयात, पंख्याखाली, दिवसाला तीन तास. कर्मवीरांनी १९४७ साली शिवाजी कॉलेज काढलं ते याच पायावर, हे तुम्हीच आल्यागेल्याला सांगता. दर ९ मेला फोटोला हार घालता, मग पोरीनं तेच केलं तर कमीपणा कसला? हे जरा जास्त झालं. खोडणार होते, पण राहू दे. रागवू नका.

पैशासाठी करत नाही, असं आधी लिहिलं होतं. ते मात्र खोडलं. थोडं पैशासाठीही आहे. पेन्शनमधले दोन हजार या महिन्यापासून पाठवू नका. त्यातून आधी कऱ्हाडला जाऊन आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढा. "बघू" म्हणायचं नाही. दिवाळीला मला रिपोर्ट बघायचाय.

काम काय, तर परत आलेली पुस्तकं गाडीवर घालायची आणि पाठीवरचा आकडा बघून जागच्या जागी लावायची. ५४० म्हणजे रसायन, ५८० म्हणजे वनस्पती, ८९१.४६ म्हणजे आपलं मराठी. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, असं मॅडम दिवसातून दोनदा ऐकवतात. आईचा मसाल्याचा डबा कुणी हलवला की ती जशी करते, तशाच करतात.

त्या ५८० च्या कप्प्यात मला एक जाडजूड, पिवळं पडलेलं पुस्तक मिळालं. थिओडोर कुक नावाच्या साहेबानं १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सगळ्या झाडाझुडपांची नोंद केली, त्याचं. हा साहेब इथल्याच इंजिनियरिंगच्या कॉलेजचा प्राचार्य होता! आणि त्यात आपली कारवी. गोठ्याच्या कुडाला आपण शेण-मातीनं लिंपतो ती कारवी, लॅटिन नाव लावून बसलेली. मी खाली बसूनच वाचलं. गाडी तशीच राहिली, बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर धीर करून वनस्पतीशास्त्राच्या सरांना त्याबद्दल विचारलं. इंग्रजीत वाक्य जुळवून गेले होते, ऐन वेळी मराठीतच बोलले. तेही मराठीतच बोलले, अर्धा तास. महिनाभर मी उगाच मागच्या बाकावर बसत होते. जूनमध्ये म्हणाल त्यात नाव दिलं होतं, नाटक, जर्मन, एनएसएस, वादविवाद. दोन आठवड्यांत तापानं पडले (हे सांगितलं नव्हतं, आता बरी आहे, खरंच). आता दोनच गोष्टी धरल्यात, ग्रंथालय आणि सरांचं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह.

आणि आता दिवाळीचं. पावसानंतर डोंगरमाथ्यावरचे सडे फुलतात ते थोडेच दिवस, म्हणून सर आम्हा पाचजणांना झाडं गोळा करायला नेतायत. आणलेली फांदी कागदांत दाबून ठेवायची, आणि ते कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. पाचजणांनी पाळी लावलीय. पुढं कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम आहे, १९५५ पासूनचं, तेही बघायला मिळणार आहे. म्हणून मी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री येईन आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघेन. चार दिवस. पंधरा नाहीत. पण पहिल्या आंघोळीला आई, तुझ्याच हातचं उटणं, आणि तेल डोळ्यांत जाईल असंच लाव.

माझी काळजी करू नका. खोलीत तिघी आहोत, सकाळी सातपर्यंत गरम पाणी येतं. मेसची आमटी पातळ असते, पण भात चांगला. आजीची गोधडी अंगावर असते. परवा दिवे गेले तर तिच्यात तोंड खुपसलं, अजून धुराचा वास येतो. जरा रडले. जराच.

आई, चकल्या ओट्याजवळ उभं राहून करायच्या नाहीत. दादानं आणलेलं स्टूल पाहुण्यांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. गोळी जेवणानंतर, आधी नाही. अण्णा, पहाटे निसरड्यावरून डेअरीला जायचं बंद, उजाडल्यावर जा. आणि दिवाळीनंतर दोघं एकदा इकडं या. एसटीत आईला बायकांचं अर्धं तिकीट, तुम्हाला पासष्टीनंतरचं अर्धं. दोघांचं मिळून एका माणसाचं भाडं होतं, आता कारण सांगू नका.

एक काम आहे, अण्णा. गोठ्यामागच्या उतारावर कारवीला यंदा फूल आहे का, बघून ठेवा. मी तिसरीत असताना सगळा डोंगर निळा झाला होता, तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवला होता. ते साल कुठलं, आठवून सांगा, सरांना हवंय. फूल असलं तर पानांसकट एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात ठेवा, वर पाटा ठेवा. आणि कागद रोज बदला.

तुमची,
धाकटी

ता. क. कमवा-शिकाचं मला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.