मंत्रीमहोदय, आधी ती रजिस्टरं उचला

माननीय आरोग्यमंत्री, मध्यप्रदेश शासन यांस,
सादर नमस्कार.

मी इंदूरचा. फोटो काढायचा नाद आहे, पडक्या इमारतींचे जरा जास्तच. मागच्या महिन्यात इथल्या एका बंद पडलेल्या सरकारी दवाखान्यात शिरलो. लेखी परवानगी नव्हती. चौकीदारदादा एवढंच म्हणाले, "अंधेरा होने से पहले निकल आना." चूक माझी, ती आधीच कबूल करतो. (दवाखान्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की रविवारी भुतं शोधणाऱ्यांची तिथे जत्रा भरेल.)

फोटो छान आले. वॉर्डाच्या भिंतीतून पिंपळ फुटलाय. ऑपरेशन थिएटरमधला मोठा दिवा अजून छताला आहे, खालचं टेबल मात्र गेलंय.

मग रेकॉर्डची खोली लागली. दार नुसतं लोटलेलं. आत कमरेएवढे रजिस्टरांचे ढीग. वाळवीने कडा खाल्ल्यात, नावं तेवढी सोडलीत. टी.बी.चे रुग्ण, आणि एका ढिगावर गर्भपाताचं रजिस्टर: बाईचं नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मोहल्ला. काही आडनावं आमच्याच गल्लीतली. त्यातल्या बायका आज कुणाच्या तरी आज्या असतील. १९७१ च्या गर्भपात कायद्याखालच्या नियमांत हे रजिस्टर गुप्त दस्तऐवज मानलंय. इथे ते माझ्या बुटाखाली येता येता राहिलं.

त्या खोलीचा एकही फोटो मी काढला नाही, म्हणून हे पत्र.

शेजारी एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांचा खच होता. फिल्म एकही नाही. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, हे भंगारवाल्यांना तुमच्या खात्याहून चांगलं ठाऊक दिसतं. फिल्म गेल्या, आता रद्दीचा नंबर. आमच्याकडे ठेल्यावर पोहे रद्दीच्या कागदावर मिळतात, साहेब. पुढचं मी सांगायला नको.

यंत्रांचंही तेच. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत, विद्यापीठातून भंगारात निघालेल्या यंत्रात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० निघालं आणि एक कामगार दगावला. इथे तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण आत काय काय उरलंय, याची यादी कुणी केली आहे का?

२०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणारं हे शहर घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून घेतं. माझी आई घड्याळातला संपलेला सेलसुद्धा वेगळ्या डब्यात टाकते. मग सरकारी खोलीतल्या या कागदांना कुठला डबा?

पंचनामा करा, मुदत संपलेली रजिस्टरं नष्ट करा, इतिहासाच्या कामाची असतील ती नावं झाकून अभिलेखागारात पाठवा. ते झालं की इमारत आम्हा फोटोवाल्यांना रीतसर पावती फाडून दाखवा. मी पहिला येईन.

आणि चौकीदारदादांना नोटीस धाडू नका. त्या खोलीला कुलूप द्या म्हणून त्यांनी दोनदा अर्ज केलाय. कुलूप अजून आलेलं नाही.

आपला,
एक इंदूरकर