बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा

ब्यूनॉस आयर्स, अर्जेंटिना, रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

आई, हे पत्र तू वाचायचं नाहीस. दादा प्रिंट काढून आणेल, बाबा वाचतील आणि तू डोळे मिटून ऐकायचंस. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. वहिनी होती, सगळं नीट झालं, आणि तू फोनवर म्हणालीस, "अगं, दहा मिनिटांचं तर काम." असेल. पण तुला आत नेलं तेव्हा इथे पहाटेचे अडीच वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून उगाच भांडी घासत होते.

आता मुद्द्याचं. मी डिसेंबरात परत येत नाहीये. आणखी दोन वर्षांच्या करारावर परवा सही केली. बाबा, इथे थांबू नका, पुढे वाचा.

आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात आणि मग दोन दिवस नीट जेवला नसतात. तळेगावच्या वेळी झालं तेच. पगार वाढलाय, पण पगारासाठी राहत नाहीये. कुणी भेटलंय म्हणूनही नाही (आत्याला हे आवर्जून सांगा). काम अर्ध्यात आहे, ते मी उभं केलंय, आणि ते दुसऱ्याच्या हाती देऊन निघायला मन होत नाही. दोनच वर्षं. दादा बंगलोरला सात वर्षं होता, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. जाऊ दे, हे वाक्य गाळा.

आणि या शहरात मी रुळले त्याला बाबाच जबाबदार आहेत. दर रविवारी एक पेठ, पायी, आणि शेवटी उसाचा रस, ही सवय कुणी लावली? इथे पेठांना बार्रिओ म्हणतात. अठ्ठेचाळीस आहेत. माझ्या एकवीस चालून झाल्या.

सान तेल्मोत मला पहिल्यांदा रडू आलं. जुने, श्रीमंतांचे वाडे होते तिथे. १८७१ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली आणि पैसेवाले शहराच्या उत्तरेला निघून गेले. मग त्याच वाड्यांत इटली-स्पेनहून बोटीनं आलेली गरीब कुटुंबं एकेका खोलीत राहायला लागली. मधे चौक, भोवती खोल्या, पाण्यासाठी रांग. त्या घरांना कोन्वेन्तीशो म्हणतात. मी आपली मनात 'बिऱ्हाडं, बिऱ्हाडं' म्हणत होते. एका चौकात दोरीवर चादरी वाळत होत्या आणि कोपऱ्यात दगडी कट्ट्याशी नळ गळत होता. आपला वाडा पाडला तेव्हा मी इथेच होते, फोटोत पाहिला. आई, तू त्या दिवशी नळाची तोटी काढून आणलीस, ती अजून आहे ना? टाकू नकोस.

ला बोकालाही गेले. बंदरावरची वस्ती, पत्र्याची घरं, जहाजांना लावून उरलेल्या रंगानं रंगवलेली. म्हणून एक भिंत पिवळी तर दुसरी निळी. आता मात्र तिथल्या दोन-चार गल्ल्या निव्वळ फोटोसाठी उरल्यात. भर दुपारी गेले होते, ऑफिसच्या तिघीजणींबरोबर, काळजी नको. रेकोलेता म्हणजे बड्या लोकांची वस्ती, आणि बघायचं काय तर कबरस्तान! संगमरवरी घरांची गल्लीबोळं, आत शवपेट्या. एव्हिता पेरोन, इथल्या एका राष्ट्राध्यक्षांची गाजलेली बायको, तिथेच आहे. आई, तुला तिथे नेणार नाही.

घर मात्र मी काबाशीतोत घेतलंय. म्हणजे घोडुलं. जुन्या काळी इथल्या एका गुत्त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा घोडा होता, त्यावरून हे नाव. आपल्यासारख्या नोकरदारांची वस्ती आहे. दुसरा मजला, लिफ्ट आहे, कोपऱ्यावर औषधांचं दुकान, खाली भाजीवाला, तो मला कोथिंबीर बाजूला काढून ठेवतो. मसूर कुठेही मिळतो. आणि आई, इथे पिझ्झ्याच्या दुकानात फाइना मिळतो: डाळीच्या पिठाचं तुझं धिरडंच, जरा जाड, भट्टीत भाजलेलं. हे लोक तो पिझ्झ्यावर ठेवून खातात, मी नुसता खाते, लोणच्याशी. तुझं लोणचं दिवाळीपर्यंत पुरेल. एकच गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. इथे माते नावाचा पाल्याचा कडू काढा असतो आणि तो सगळे एकाच नळीनं पितात. हो, उष्टा. मीही पिते.

बाबा, घराखालून जी मेट्रो जाते ती १९१३ ची आहे, लॅटिन अमेरिकेतली सगळ्यात जुनी. आणि शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यांवरून जुनी ट्राम फिरते, हौशी मंडळी चालवतात, तिकीट नाही. पहिल्यांदा घंटा ऐकली तेव्हा तुमचीच गोष्ट आठवली: १९६४, बोरीबंदर ते दादर, शेवटची ट्राम, आणि गर्दीत आजोबांची हरवलेली टोपी. ती गोष्ट मी तुमच्याकडून शंभरदा ऐकली असेल. इथे खिडकीशी बसून मी ती एकटीच स्वतःला सांगितली.

म्हणून आता ऐका. बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, या आठवड्यात अर्ज करायचा. रक्तदाबाच्या गोळीला 'आज बरं वाटतंय' म्हणून सुट्टी नाही. स्टुलावर चढायचं नाही. संध्याकाळनंतर स्कूटर नाही. आई, थेंब चार वेळा, आणि फोडणी पुढचा महिना वहिनीच देईल, तिची डाळ पातळ असली तरी. नोव्हेंबरात तुम्ही दोघांनी इकडे यायचं. तेव्हा इथे वसंत असतो आणि रस्तेच्या रस्ते नीलमोहरानं जांभळे होतात. प्रवास लांबचा आहे, खोटं बोलत नाही. विमानतळावर व्हीलचेअर मागायची, त्यात लाज कसली. नाहीच जमलं, तर मी येईन महिनाभर, रुसणार नाही. म्हणजे, थोडी रुसेन.

घराजवळ पार्के रिवादाविया आहे. तिथे जुन्या पुस्तकांचे ठेले आहेत, अगदी अप्पा बळवंत चौक, आणि रविवारी एका अवाढव्य ओंबूच्या झाडाखाली पोस्टाची तिकिटं जमवणारे म्हातारे अल्बम उघडून बसतात. त्यातल्या एका आजोबांना १९४८ ची गांधीजींची तिकिटं हवी आहेत. दहा रुपयांचंही मागत होते! मी म्हटलं, ते माझ्या बाबांकडेही नाही, पण दीड आण्याचं आहे. तेव्हापासून दर रविवारी विचारतात, "पापा कधी येणार?"

माळ्यावरून अल्बम दादाला काढायला सांगा, तुम्ही नाही. दीड आण्याचं द्यायचं की नाही, ते झाडाखाली बसून तुम्हीच ठरवा. भाव करायला मी मधे दुभाषी.

तुमची,
मनू

ता.क. आई, बाबांनी एखादं वाक्य गाळलं असेल तर वहिनीकडून पुन्हा वाचून घे.