खचलेल्या विटांखाली काय आहे ते आधी बघा

महोदय,

अंगणातल्या आणि पायवाटेवरच्या खचलेल्या विटा घरच्या घरी कशा दुरुस्त कराव्यात, यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विटा उचला, खाली वाळू टाका, परत बसवा, दरजांत, म्हणजे विटांमधल्या फटींत, सिमेंट भरा, झालं. एका दुपारचं काम, असंही त्यात ठामपणे लिहिलं आहे. लेखकाने खचलेली फरसबंदी एकदा तरी स्वतः उकलून पाहिली आहे का? पाहिली असती तर 'एका दुपारचं काम' हे शब्द लिहायला हात धजला नसता.

आमच्या फाटकापासून पायरीपर्यंतची वाट भाजक्या विटांची आहे. वडिलांनी समोर उभं राहून ती घालून घेतली होती. पायरीजवळ ती खचली. माझी आई वॉकर घेऊन चालते, आणि वॉकरचा पुढचा पाय नेमका त्या खळग्यात अडायचा. एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने आपल्या लेखात लिहिलंय तसंच केलं. विटा उचलल्या, घमेल्याने वाळू ओतली, विटा ठेवल्या, पैसे घेतले आणि गेला. पहिला मोठा पाऊस झाला आणि खळगा होता तिथे परत हजर. पुन्हा बोलावलं, तेव्हा मी कामावर होते. या खेपेला त्याने कुणालाही न विचारता सगळ्या दरजांत सिमेंटचं पातळ पाणी ओतलं आणि आईला सांगितलं, "आजी, आता ही वाट जन्मात हलायची नाही."

वरून काही दिवस खरोखरच हलली नाही. खालची वाळू मात्र वाहून जातच राहिली. वर सिमेंटने जखडलेल्या विटांचं झाकण आणि खाली पोकळी, अशी अवस्था झाली. त्यावर पाय आपटला की रिकाम्या पिंपासारखा आवाज यायचा. शेवटी तो सगळा तुकडा मधोमध तडकून खाली बसला. त्या वेळी आई त्यावर नव्हती, हे आमचं नशीब. कंत्राटदाराने नंतर फोन उचलणंच बंद केलं.

दुसऱ्या गवंड्याने ते काम उकललं तेव्हा मी शेजारी उभी राहून सगळं पाहिलं. नुसत्या वाळूवर बसवलेली वीट शाबूत निघते, घासून परत लावता येते. सिमेंट भरलेली वीट निघत नाही. जुनी भाजकी वीट सिमेंटपेक्षा मऊ असते, त्यामुळे छिन्नीचा घाव बसला की दरज तशीच राहते आणि विटेचा टवका उडतो. वडिलांनी निवडून आणलेल्या कितीतरी विटा त्या दिवशी अशा तुकडे होऊन घमेल्यात गेल्या. माझा राग आहे तो यासाठी. खळगा दुरुस्त होण्यासारखा होता. विटा परत मिळण्यासारख्या नाहीत.

आणि खाली काय निघालं? छपराच्या पाण्याचा पाइप बरोबर त्या कोपऱ्यात सुटत होता. पायरी आणि वाट यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती आणि पाणी वाळू घेऊन त्या फटीतून खाली उतरत होतं. त्याच्याही खाली घराच्या पायाचा जुना खड्डा. तो भरताना माती नुसती लोटलेली, धुमस न केलेली, म्हणजे ठोकून घट्ट न केलेली. भिंतीलगतची फरसबंदी खचते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पाइप किंवा केबल टाकायला खणलेला चर घाईने बुजवला की तिथेही तेच होतं. अशा ठिकाणी वरून कितीही वाळू ओता, ती खाली मुरणारच. आमच्या गवंड्याने विटांना हात लावण्याआधी पाइपचं तोंड वळवून पाणी लांब नेलं. आपल्या लेखात 'पाणी' हा शब्द आला तो फक्त विटा धुण्यासाठी!

अशा वाटेत वीट हा फक्त वरचा थर असतो. वजन जातं ते खालच्या ठोकून घट्ट केलेल्या खडीवर. माणसांच्या वाटेसाठी हा थर साधारण १०० ते १५० मिलिमीटर लागतो, गाडी जाणार असेल तर आणखी जाड. त्यावर जाडसर वाळू, तीही जेमतेम २५ ते ४० मिलिमीटर, फळीने एकसारखी ओढलेली. खळगा भरून काढायला म्हणून वाळूच वाढवली, तर एका जागी ती जाड होते, एका जागी पातळ, आणि जाड असते तिथे पुन्हा दबते. खळगा खडीनेच भरायचा, थोडी थोडी टाकून, प्रत्येक थर ओलसर करून ठोकून. वाळूची जाडी सगळीकडे सारखीच राहिली पाहिजे. आमच्या गवंड्याचा सगळ्यात जास्त वेळ या ठोकण्यात गेला. विटा त्यामानाने झटपट बसल्या.

पहिली वीट काढणं हेही लेखात एका वाक्यात उरकलं आहे. वर्षानुवर्षांची कच दरजांत घट्ट बसलेली असते आणि वीट चारही बाजूंनी अडकलेली. पहार घातली की शेजारच्या विटेची कड उडते. दोन टोकांना दोन पातळ पट्ट्या घालून आलटून पालटून थोडं थोडं उचलावं लागतं, आणि तरीही कधी कधी पहिली वीट फोडावीच लागते. त्यानंतर बाकीच्या निघतात. खचलेल्या जागेपेक्षा दोन ओळी जास्तच उचलाव्या लागतात, नाहीतर जुन्या-नव्याची लेव्हल जुळत नाही. उचललेल्या प्रत्येक विटेच्या बाजूंना चिकटलेली वाळू खरवडावी लागते. ती राहिली तर प्रत्येक दरज केसभर रुंदावते आणि शेवटची वीट जागेत मावत नाही. विटा आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवायच्या, कारण ठोकल्यावर त्या खाली बसतात. घरापासून बाहेर दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटरचा ढाळ हवा. काठाच्या विटा पक्क्या नसतील तर बाकीचं सगळं व्यर्थ. काठ सरकला की आतल्या विटा हळूहळू पसरतात आणि दरजा मोकळ्या होतात.

दरजांत भरायची ती कोरडी, बारीक वाळू. ती झाडूने सारायची, वर ठोकायचं, पुन्हा सारायची. दरजा भरेपर्यंत हेच करत राहायचं. विटा एकमेकींना धरून राहतात त्या या वाळूमुळे, आणि जमीन थोडी हलली तर तीच त्यांना जराशी मुभा देते. सिमेंट ही मुभा देत नाही, म्हणून ते तडकतं आणि त्या तड्यातून पाणी आत जातं. पाणी लागल्यावर घट्ट होणारी तयार वाळू मिळते, ती चालते. पण तिला कोरडी, खोलवर मोकळी केलेली दरज लागते आणि पाणी मारण्याआधी विटांवरचा कण न् कण झाडावा लागतो. नाहीतर विटांवर पांढुरका थर बसतो आणि तो सहज जात नाही.

गवतावर मीठ टाकण्याचा लेखातला सल्ला तर कृपया मागे घ्या. दरजांतलं गवत बहुतेक वेळा वरून साचलेल्या धुळीत रुजतं. ते उपटून दरज पुन्हा वाळूने भरली की बरंच आटोक्यात येतं. मीठ पाण्यात विरघळून विटेच्या छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि विटेचा वरचा पापुद्रा सुटू लागतो. कडेची झाडं जळतात ती वेगळीच. हा सल्ला वाचून आज सकाळी किती जणांनी आपल्या विटांवर मीठ पसरलं असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

नवी वीट जुन्यांत उठून दिसते, ही अडचण खरी आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. आमच्या गवंड्याने मागच्या, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यातल्या जुन्या विटा काढून पुढे पायरीजवळ लावल्या आणि नव्या मागे बसवल्या. नव्या विटा मापाने जराशा मोठ्या निघाल्या, तेवढ्याने मागची ओळ सरकली, पण पायरीजवळची वाट एकसारखी झाली. एवढा विचार करणाऱ्या माणसाला आपण पैसे मात्र किती विटा उचलल्या ते मोजून देतो. खाली ठोकण्यात गेलेला वेळ दिसत नाही म्हणून त्याची मजुरी कुणी देत नाही, आणि मग तो वेळ कुणी घालवतही नाही. वाटा पुन्हा पुन्हा खचतात त्या यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात एक तरुण कारागीर कटरने वीट कोरडीच कापतो आहे. धुळीचा लोट त्याच्या चेहऱ्यावर आणि तोंडाला साधा रुमालही नाही. विटेच्या आणि काँक्रीटच्या या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पात्यावर पाण्याची धार सोडून कापलं तर धूळ जागीच बसते, सोबत चांगला मास्क हवा. 'घर सजवा' म्हणून छापलेल्या पानावर कुणाच्या छातीचं नुकसान होताना दिसावं आणि ते एकाही संपादकाच्या नजरेस पडू नये, याचा मला लेखातल्या चुकांपेक्षा जास्त त्रास झाला. पुढच्या पुरवणीत मिठाबद्दलची आणि या छायाचित्राबद्दलची दुरुस्ती ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक